शंभर शब्दांत परिचय

जर्मनीहून मेल आलाय. माझी नऊ मिनिटं त्यांना आवडली.
सोबत फॉर्म: शंभर शब्दांत परिचय लिहा.
काम, छंद, प्रभाव.
जगात जर्मनी, भारतात परभणी
असं आम्ही उगीच म्हणत आलो इतकी वर्षं,
आता मधली कॉमा मिटली म्हणायची.

नाव दैवशाला.
काम: लग्नं.
वैशाखात बावीस, मार्गशीर्षात नऊ.
नवरीच्या मामाला तीनदा अक्षता टाकायला लावते,
कारण पहिल्या दोन वेळा तो कॅमेऱ्याकडं बघून हसतो.
अल्बम वेगळा, ड्रोन वेगळा,
उरतील ते पत्र्याच्या डब्यात. डब्यावर चिकटपट्टी: सिनेमा.
मागच्या वर्षी त्यातून गॅसची शेगडी आली.
आई म्हणाली, तुझ्या सिनेमात कुणी जेवत नाही का?

छंद.
लोकांनी परत न नेलेल्या लग्नाच्या कॅसेटी.
बुरशी चढलेल्या, एक तर काडीमोड झाल्यावर
बापानंच आणून टाकलेली.
रात्री कापसानं पुसते, लावते.
पंगतीत पार मागं एखादा माणूस,
आता नसलेला,
हात आडवा धरून जिलेबी नको म्हणताना सापडतो.
तिथं थांबवते. थोडा वेळ त्याला नको म्हणू देते.
आणि कॅरम. क्वीन मी कुणाला सोडत नाही.

प्रभाव.
इथं बोट अडतं.
पुण्याच्या शिबिरात सगळे मोठाली नावं घेत होते,
मी मान हलवली, चहा प्याले.
खरं सांगू? मला डब केलेले तेलुगू मारधाडीचे पिक्चर आवडतात.
नायक मूठ आपटतो, जीप उडते,
आणि खाली यायला इतका वेळ लावते
की आई मधे उठून दूध उतरवून येते.
संथ सिनेमात मला झोप लागते.
बनवते मात्र संथच.
जीप उडवायला पैसे लागतात,
माणूस बसून राहायला लागत नाहीत.

आता ती नऊ मिनिटं.
चाँदपाशा. बँडमध्ये क्लॅरिनेट.
दोनशे वरातींत मी त्यांची पाठ शूट केलीय.
रियाज करतात घरापुढच्या हौदात उतरून.
नळ दहा दिवसांनी येतो,
शेवटचे दोन दिवस हौद कोरडा, तेवढाच रियाज.
"काहून ओ चाचा, आतमधी?"
"हां सूर पलटके आता, बेटी. बाहर गया तो गया."

झाकणावर पालथी पडून शूट केलं,
आत उजेडाचा एकच चौकोन, त्यात त्यांचं टक्कल.
त्या दिवशी नळ एक दिवस आधी आला.
आधी पाइपातून हवा खोकली,
मग गढूळ पाणी,
मग चपला तरंगत कोपऱ्यात गेल्या.
चाचांनी डोळे उघडले नाहीत.
सूर तेवढा बदलत गेला पाणी चढेल तसा,
जड होत, वर येत,
माझ्या हनुवटीपर्यंत.
कट म्हणायला मी विसरले.
चाचीच ओरडली शेवटी, "निकलो जी, ड्रमां भरने के हैं!"
तो आवाज मी ठेवलाय.

फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न: पाणी कशाचं प्रतीक?
लिहिलं, पाण्याचं.
खोडलं.
लिहिलं, महिन्यातून तीनदा.

शब्द कधीच शंभराच्या पार गेलेत, आकडा लाल झालाय.
उद्या पाथरी रोडला लग्न आहे, चाँदपाशा पुढं असतील.
वरात जरा थांबली की कानात सांगीन:
चाचा, आपल्याला जर्मनीचं बोलावणं आलंय.

ते पिपाणीतली थुंकी झटकतील,
म्हणतील, तारीख कौनसी?
बयाना दिए क्या?